शीतपेयांतील साखर आणि आरोग्य

उन्हाळ्याची चाहूल लागली की गावोगावच्या दुकानांत रंगीत शीतपेयांच्या बाटल्यांची गर्दी होते. पाहुण्याच्या स्वागतालाही आता ताका-सरबताऐवजी बाटलीच पुढे येते. तिच्यातून पोटात नेमके काय जाते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

नेहमीच्या कोलापेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने अशी साखर दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. एकच डबा ही दुसरी मर्यादा ओलांडतो.

द्रवरूप साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही. त्यामुळे जेवण कमी न होता उष्मांक तेवढे वाढतात. साखरेतील फ्रुक्टोजचा अतिरेक झाल्यास यकृतात चरबी साठू लागते. अशा पेयांचे नित्य सेवन करणाऱ्यांत लठ्ठपणा व मधुमेह यांचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. पेयांतील आम्लामुळे दातांचे कवचही झिजते. साखरविरहित पेयेही याला अपवाद नाहीत.

जुलाब होत असलेल्या बालकास शीतपेय पाजणे तर विशेष धोक्याचे होय. जलसंजीवनीच्या एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज व योग्य प्रमाणात क्षार असतात. तेवढ्याच शीतपेयात १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि क्षार नाममात्र. ही जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते व जुलाब बळावतात. नामसाधर्म्यामुळे पालकांची फसगत होऊ नये म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. आरोग्य केंद्रात मिळणारी पुडीच अशा वेळी वापरावी.

बाटलीवर दर १०० मिलिलिटरमागे साखर किती, हे छापलेले असते. खरेदीपूर्वी तो आकडा अवश्य वाचावा. रोजच्या तहानेला मात्र स्वच्छ पाणी, ताक किंवा बेताच्या साखरेचे कोकम सरबत पुरेसे आहे.