पाणी कोणतं लावलंय?

नालासोपारा पूर्वेतल्या जुन्या, बिनलिफ्टच्या चार मजली इमारतीत शिरताना मिस्त्री 'कुठे गळतंय' असं विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पाणी कोणतं लावलंय? गोडं की बोअरचं?" मिस्त्री मूळचे ओडिशातल्या केंद्रपाड्याचे. त्या जिल्ह्यातल्या पट्टामुंडाईकडून देशभर प्लंबर गेलेत. त्यांच्या मागोमाग जिने चढताना कळलं, की निम्मं निदान त्या एका प्रश्नात होऊन जातं.

नालासोपारा ज्यात येतं त्या वसई-विरारच्या बऱ्याच इमारतींत दोन तऱ्हेचं पाणी नांदतं. स्वयंपाकघरात सूर्या, उसगाव किंवा पेल्हारच्या धरणांचं. संडास-बाथरूमला बोअरचं. दोन्ही पुरेना, की टँकर. 'एमएमआरडीए'च्या सूर्या योजनेतलं रोजचं १८५ दशलक्ष लिटर पाणी या शहराच्या वाट्याचं आहे, पण सोसायट्यांचे बोअर काही बंद झालेले नाहीत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. उपसा वाढला की बोअरचं पाणी मचूळ होत जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार मान्य आहेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. संडासाच्या लाइनीतलं पाणी तपासायची तसदी मात्र सहसा कुणी घेत नाही. ते कुणी पीत नाही ना! पाइप पितो.

मिस्त्रींनी डक्टमधला जीआय पाइप कापून हातात दिला. बाहेरून रंग शाबूत. आत गंजाच्या गाठी एकमेकींना भिडलेल्या, मधोमध पेन्सिल जाईल एवढीच वाट. वरच्या मजल्याला प्रेशर नाही म्हणून सोसायटीने नवी मोटार घ्यायचं ठरवलं होतं. जीआय पाइपाला जस्ताचा मुलामा असतो, पण जोडासाठी आटे पाडले की तिथला मुलामा कापला जातो आणि गंज तिथूनच शिरतो. म्हणून पाइप मधे क्वचित फुटतो. जातो तो आट्यांवर.

पितळेचं दुखणं याहून छुपं. खारं पाणी पितळेतलं जस्त हळूहळू काढून नेतं, मागे उरतं लालसर, सच्छिद्र तांबं. नळामागचा पितळी निपल दिसायला ठणठणीत. मिस्त्रींनी पाना लावला आणि तो भिजलेल्या बिस्किटासारखा तुटला, निम्मा भिंतीतच राहिला. एक नळ बदलायला आलेल्या माणसाला मग टाइल फोडावी लागते, आणि मालकाला वाटतं, यानेच वाढवून ठेवलं.

"मग सगळं सीपीव्हीसी करून टाकू," असं सचिव म्हणतात. सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप गंजत नाही, हे खरं. पण जोडाला चिकटवायचं सोल्युशन कमी पडलं, किंवा पितळी आट्यांच्या फिटिंगवर पाना जोर लावून आवळला, की केसाएवढी चीर पडते. ती लगेच बोलत नाही. आणि आरशासाठी ड्रिल मारणाऱ्याला टाइलमागचा पाइप कुठून गेलाय, हे कुणी सांगितलेलं नसतं. पाइप झाकण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायला पैसे पडत नाहीत. तो कुणाकडेही नव्हता.

दुसरी भानगड पाणी येण्या-जाण्याची. ठरावीक वेळेला पाणी सुटतं, एरवी लाइन रिकामी. पाणी सुटताना आत कोंडलेली हवा पुढे रेटली जाते आणि पाइप भिंतीत खडखडतो. रोजच्या त्या हिसक्याने सैल क्लॅम्प आणखी सैल होतो, जोड हलतो. पाणी गेल्यावर उलट घडतं. रिकाम्या होणाऱ्या लाइनीत ओढ तयार होते, आणि गटाराशेजारी जोड सुटलेला असला तर बाहेरचा घाण ओलावा आत खेचला जातो. सुरुवातीचं पाणी गढूळ येतं, वास मारतं, त्यामागे अनेकदा हेच असतं. त्यात कुणी चोरून थेट लाइनीवर मोटार बसवली, की ओढ आणखी वाढते. आपल्या टाकीत दोन बादल्या जास्त याव्यात म्हणून शेजाऱ्याच्या घरात गटार पोचवायचं! याला बेकायदा म्हणणं फार सौम्य झालं.

इमारतीच्या मागे गेलो तर सांडपाण्याच्या उभ्या पाइपाच्या जोडातून हातभर पिंपळ निघालेला. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, झिरपत्या जोडाची ओल त्याला पुरते. पानं बाहेर, मुळं पाइपाच्या आत. त्यांच्या जाळीत केस आणि तेलकट गाळ अडकून पाइप तुंबतो. वरून छाटला तर पुन्हा फुटतो, मुळासकट जोडच उघडावा लागतो. शिवाय पिंपळाला कोयता लावायला कुणी धजत नाही. ते काम दर वेळी मिस्त्रींच्याच गळ्यात पडतं.

ज्या ओलीसाठी बोलावलं होतं, ती दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छतात. वर बाथरूम नाहीच, ते पलीकडच्या कोपऱ्यात. टाइलखालच्या भरावातून पाणी उताराने सरकतं आणि जिथे स्लॅबला चीर मिळेल तिथे उतरतं. पावसाळ्यात तर आभाळाचं कुठलं आणि पाइपाचं कुठलं, हेच कळत नाही. मिस्त्री असली कामं शक्यतो मे महिन्यात घेतात. त्यांनी नहाणी ट्रॅपमध्ये रंग टाकून पाणी ओतलं. बराच वेळ थांबूनही खाली रंग उतरला नाही, म्हणजे सांडपाण्याची लाइन निर्दोष ठरली. मग नळाची लाइन टाकीकडे बंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी छताची टपटप थांबलेली.

गळका एल्बो सापडला तो डक्ट आणि बाथरूममधल्या भिंतीच्या पोटात. आता नवाच पेच. डक्टमधली लाइन सोसायटीची, घरातली सभासदाची, असा ढोबळ रिवाज. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भिंत अर्धी सोसायटीचीच ना?" सचिवांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"मजुरी कुणीपण द्या," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "पण आज रात्री ही लाइन चालू करू नका. नव्या जोडाचं सोल्युशन सुकू द्या."