एका अल्बमची ‘लाज’

‘ओअ‍ॅसिस’ बँडचे भांडकुदळ भाऊ 2025 च्या उन्हाळ्यात पुन्हा एका मंचावर आले, तिकिटांच्या दरांवरून बोंबाबोंब झाली, हे सगळं तुम्ही वाचलंच आहे. माझं लक्ष होतं त्यांच्याआधी वाजवणाऱ्या ‘कास्ट’वर. ‘कास्ट’चा गायक जॉन पॉवर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या ‘द लाज’मध्ये बास गिटार वाजवायचा. ओअ‍ॅसिसचा नोएल गॅलघर ज्यांचं ऋण उघडपणे मानतो, तेच हे. तिथल्या बोलीत ‘ला’ म्हणजे आपला ‘गड्या’. मराठी कानाला मात्र भलतंच ऐकू येतं. आणि गंमत म्हणजे ते चपखल बसतं.

कारण या बँडचा एकुलता एक अल्बम 1990 च्या ऑक्टोबरात आला आणि ज्याची गाणी, ज्याचा आवाज, त्या ली मेव्हर्सनंच तो चारचौघांत धुडकावला. त्याआधी तीनेक वर्षं तीच गाणी पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित होत होती. स्टोन रोझेसचा पहिला अल्बम घडवणारा जॉन लेकी झाला, माइक हेजेस झाला. मेव्हर्सच्या मनासारखी भट्टी काही जमेना. एक मिक्सिंग डेस्क त्यानं नाकारलं म्हणे, का, तर त्यावर साठच्या दशकातली अस्सल धूळ नव्हती! ही दंतकथाच असावी. पण ती त्याच्याच नावावर का चिकटली, ते उघड आहे. शेवटी यू-टूवाल्या स्टीव्ह लिलिव्हाइटकडे काम गेलं, वैतागलेला बँड मध्येच उठून गेला आणि ‘गो! डिस्क्स’ कंपनीनं हाती होतं ते जोडून बाजारात आणलं. अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत 30 वर पोचला. 1991 च्या अखेरीस पॉवरही बाहेर पडला.

मेव्हर्स अवलिया की नुसता हट्टी? चाहते पहिल्याच बाजूला झुकतात. मी नाही. हेजेसकडचं मुद्रण 2008 च्या आवृत्तीत ऐकायला मिळालं. ते जास्त मोकळं आहे, कबूल. पण इतकी वर्षं अडून बसावं एवढा फरक माझ्या कानाला तरी लागला नाही.

याच अल्बममधलं ‘देअर शी गोज’ ऐका. पावणेतीन मिनिटंही नाहीत. गिटारचा एक लखलखीत तुकडा, त्यावर धृपद, मग पुन्हा धृपद. मधला छोटा पूल सोडला तर अंतरा असा नाहीच. तरी कंटाळा येत नाही, कारण दर खेपेला मेव्हर्सचा आवाज वरच्या पट्टीत जाताना किंचित फाटतो. हे मुद्रण 1988 चं, बॉब अँड्र्यूजच्या हाताखालचं. तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलं नाही. 1990 मध्ये पुन्हा काढल्यावर 13 व्या क्रमांकावर गेलं. पुढे ‘द पेरेंट ट्रॅप’ सिनेमात वाजलं, 1999 मध्ये सिक्सपेन्स नन द रिचर या अमेरिकन बँडनं गायलं.

2005 मध्ये मेव्हर्स आणि पॉवर ग्लास्टनबरी महोत्सवात पुन्हा एकत्र वाजले. गाणी तीच, जुनी. दुसरा अल्बम अजून आलेला नाही.