क्लच न सुटणे
क्लच न सुटणे : पेडल पूर्ण दाबूनही एंजिनाची गती दंतचक्र पेटीकडे जात राहण्याचा मोटारगाडीतील दोष. पेडल दाबल्यावर धारवा पटल-स्प्रिंगेची बोटे रेटतो, दाब तबकडी मागे सरते व घर्षण तबकडी प्रचक्रापासून मोकळी होते. ही मोकळीक अत्यल्प असल्याने पेडलापासूनच्या हालचालीतील थोडी घटही बाधक ठरते.

एंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू असताना अडतात किंवा उलट गिअर टाकताना खरखर होते, हे या दोषाचे लक्षण होय. एंजिन बंद असतानाही गिअर अडत असल्यास दोष बहुधा गिअर बदलण्याच्या यंत्रणेत असतो.

तपासणी बाहेरून आत करतात, कारण पेटी उतरविणे खर्चाचे असते. द्रवचालित यंत्रणेत द्रवाची पातळी व गळती प्रथम पाहतात. पेडल वारंवार दाबल्याने क्लच सुटू लागल्यास नळीत हवा शिरली असण्याचा किंवा सिलिंडरातील रबरी सील झिजल्याचा संभव असतो. तारचालित यंत्रणेत ताणलेली तार व पेडलाची अवाजवी ढिलाई तपासतात.

बाहेरील दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसल्यास दोष आत असतो : वाकलेला काटा, मोडलेली स्प्रिंग-बोटे किंवा दंडाच्या खाचांत अडकलेली तबकडी. गाडी दीर्घकाळ दमट जागी उभी राहिल्यास तबकडी गंजून प्रचक्रास चिकटते.

अशी गाडी गिअरमध्ये असताना सुरू केल्यास पेडल दाबलेले असूनही ती एकदम पुढे झेपावते. म्हणून चाचणीपूर्वी चाकांस अटकाव लावणे व समोरची जागा मोकळी ठेवणे आवश्यक असते.