गिअर टाकला की गाडी बंद पडते? आधी पाना नको, आधी मीटर बघा!

टू-व्हीलर गॅरेज सुरू करणाऱ्यांसाठी आपण जे व्हिडिओ करतोय, त्यात या वेळी एकच तक्रार घेतली आहे. ‘गाडी न्यूट्रलला मस्त चालते, पहिला गिअर टाकला की खटकन बंद. आणि मीटरवर एक लाईट लागलाय.’ व्हिडिओत प्रत्यक्ष गाडीवर दाखवलंय, इथे तेच क्रमाने लिहून देतोय. गॅरेजच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.

आधी एक खरा अनुभव. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाने नवीन गॅरेज टाकलं. ऐन पावसाळ्यात डिलिव्हरी करणारा एक गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन आला. आपल्या पठ्ठ्याने काय केलं? प्लग बदलला, इंजेक्टर साफ केला, ऑइल बदललं. बिल झालं 1,650 रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी परत दारात! त्या गिऱ्हाइकाचे दोन दिवसांचे पैसे बुडाले, आणि त्याने ते स्टँडवरच्या सगळ्या पोरांना सांगितलं. दोष काय निघाला? साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल. धुतला, वाळवला, गाडी चालू. मीटरवरचा तो लाईट इंजिनचा नव्हताच, स्टँडचा होता. कुणी नीट बघितलंच नाही.

गाडी मुद्दाम का बंद होते?

साइड स्टँड खाली ठेवून गाडी पळवली तर वळणावर स्टँड रस्त्याला अडकतो आणि माणूस पडतो. म्हणून आजच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीने सोय केलेली असते : स्टँड खाली असेल आणि गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजिन बंद. न्यूट्रलला मात्र चालू राहतं. आता स्टँड वर असूनही स्विच ‘खाली आहे’ असंच सांगत राहिला, तर गाडी काय करणार? गिअर टाकताच बंद पडणार. म्हणजे इंजिन ठणठणीत, फक्त निरोप चुकीचा!

पायरी 1 : लाईटचं चित्र ओळखा

गिऱ्हाईक म्हणेल ‘पिवळा लाईट’. रंगावर जाऊ नका, चित्र बघा.

- स्टँडचं चित्र : स्टँड वर केल्यावरही विझत नसेल तर थेट स्विचकडे जा.
- इंजिनचं चित्र : हा चेक इंजिन लाईट. चावी ऑन केल्यावर तो लागणं बरोबरच आहे, बल्ब चालू असल्याची ती खूण. इंजिन सुरू झाल्यावर विझला नाही तर कॉम्प्युटरने काहीतरी चूक नोंदवली आहे. काही गाड्यांत हा लाईट ठरावीक वेळा लुकलुकतो, तो कोड मॅन्युअलमध्ये पाहून मिळतो. बाकी गाड्यांना स्कॅनर लावा.
- ऑइलचा किंवा टेम्परेचरचा लाल लाईट : इंजिन लगेच बंद. आधी ऑइल आणि कूलंट बघा.
- हिरवा ‘एन’ : गाडी न्यूट्रलला असून हा लागत नसेल तर न्यूट्रल स्विच किंवा त्याची वायर तपासा.

पायरी 2 : बंद कशी पडते, ते ऐका

गाडी डबल स्टँडवर लावा. साइड स्टँड वर आहे ना, खात्री करा. मागचं चाक फिरणार आहे, त्यामुळे हात, ओढणी, फडकं लांब. इंजिन सुरू करा, क्लच दाबा, पहिला गिअर टाका. आता तीनपैकी एक गोष्ट होईल.

*चावी बंद केल्यासारखी खटकन बंद पडली.* क्लच पूर्ण दाबलेला असतानाही बंद झाली, तर करंट तुटतोय. संशय साइड स्टँड स्विचवर आणि त्याच्या वायरिंगवर.

*दबत दबत किंवा झटका देऊन बंद पडली.* क्लच नीट सुटत नाही. खात्री कशी करायची? क्लच दाबून ठेवा आणि मागचा ब्रेक हळूच लावा. चाक थांबलं आणि इंजिन चालू राहिलं तर क्लच ठीक. चाक थोडंफार फिरणं नॉर्मल आहे. पण ब्रेक लावताच इंजिन दबलं तर क्लच वायरचं प्ले तपासा. बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिमी असतं, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. प्ले बरोबर असेल तर मग प्लेटा.

*क्लच सोडताना भक-भक करून बंद पडली.* स्लो कमी आहे, थ्रॉटल बॉडी घाण आहे, एअर फिल्टर चोंदलाय किंवा पेट्रोल कमी येतंय. थोडी रेस दिल्यावर गाडी निघत असेल तर आधी इथेच शोधा.

पायरी 3 : फुकटातलं आधी, महागातलं नंतर

1. साइड स्टँडचा बोल्ट आणि स्प्रिंग बघा. स्प्रिंग सैल असेल तर स्टँड पूर्ण वर जात नाही.
2. स्विच आणि कनेक्टर साफ करा, वाळवा. हिरवट गंज, कातरलेली वायर दिसते का?
3. साधा दोन वायरचा स्विच असेल तर मल्टिमीटर लावा. स्टँड वर-खाली केल्यावर रीडिंग बदललं पाहिजे. नाही बदललं, स्विच गेला.
4. बॅटरी तपासा. चांगली चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण 12.5 च्या आसपास दाखवते. इंजिन रेस केल्यावर 13.5 ते 14.5 मिळायला हवं. टर्मिनल आणि अर्थिंग घट्ट आहे ना, बघा.
5. यातून काही निघालं नाही, तरच सेन्सर आणि ईसीयूचा विचार.

एक काम अजिबात करू नका

स्विचच्या वायरी एकमेकांना जोडून ‘झालं काम, घेऊन जा’ म्हणू नका. बरेच जण करतात. दोन मिनिटांत गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होतो. पण उद्या तोच माणूस स्टँड खाली विसरून निघाला आणि पडला तर? स्विच दुकानात नसेल तर मागवा आणि तसं स्पष्ट सांगा. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात न लावता सर्व्हिस सेंटरला पाठवा. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास वाढतो.

आता धंद्याचं गणित

तुम्ही म्हणाल, ‘सर, चिखल धुवून काय पैसे मिळणार?’ इथेच चूक होते. तुम्ही चिखल धुण्याचे पैसे घेत नाही, दोष शोधण्याचे घेता. तपासणीचा दर ठरवा, तो बोर्डावर लिहा, गाडी हातात घेण्याआधी सांगा. समजा 150 रुपये ठेवलेत. अर्ध्या तासात गाडी चालू करून 150 घेतलेत, तर गिऱ्हाईक हसत देतो. 1,650 घेऊन गाडी परत आली, तर दुसऱ्यांदा काम फुकट आणि वर नाव खराब.

जॉब कार्डवर चार ओळी लिहाच : कोणता लाईट होता, कधी बंद पडत होती, काय तपासलं, काय सापडलं. महिनाभरात तुमच्याकडे तुमच्याच भागातल्या गाड्यांची वही तयार होईल. पावसाळ्यात काय बिघडतं, कोणता स्विच दुकानात ठेवायचा, हे ती वहीच सांगेल.

तर मित्रांनो, आजचं काम एवढंच. उद्या गॅरेजमध्ये येणाऱ्या पहिल्या गाडीला पाना लावण्याआधी चावी ऑन करा आणि दहा सेकंद मीटरकडे बघा. पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत, दोष सापडवून देणाऱ्याकडेच गिऱ्हाईक परत येतो.