मध्य प्रांतातल्या मुली आणि पंडिता रमाबाई

देवाने लायकी न पाहता माणसावर दया केली आहे, आणि ती दया दुसऱ्यापर्यंत पोचवणे हा श्रद्धेचाच भाग आहे, असे ख्रिस्ती धर्म शिकवतो. म्हणून परक्याशी कसे वागायचे हे त्याची जात, चारित्र्य किंवा परतफेडीची ऐपत बघून ठरत नाही. १८९६-९७च्या दुष्काळात जबलपूर होरपळले, सारा मध्य प्रांतच होरपळला. तिथल्या निराधार मुलींसाठी या शिकवणीचा प्रत्यक्ष अर्थ काय होता, हे समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या कामातून दिसते.

रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनीसंघाच्या सिस्टर लंडनमधल्या फुलहॅमला चालवत असलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने पतित ठरवले होते, अशा स्त्रियांची तिथे आपुलकीने देखभाल होत होती. हे कशासाठी, असे विचारल्यावर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरीही येशू विहिरीपाशी बसून त्या बाईकडे प्यायला पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माविषयी बोलतो. पाणवठ्यावरची शिवाशिव ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्यातले धाडस वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचे प्रत्येक म्हणणे त्यांनी मान्य केले नाही; शाकाहारही सोडला नाही.

१८८९मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. मुलींना आपला धर्म व खाण्यापिण्याचे नियम पाळायची तिथे मोकळीक होती, पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि गहजब झाला. १८९३मध्ये समाजसुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. जिला दुसरा आसराच नाही, तिच्या निवडीला कितपत मोकळी निवड म्हणायचे, हा प्रश्न अशा प्रत्येक संस्थेला लागू पडतो.

दुष्काळाची बातमी आली तेव्हा रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. त्यांचे आईवडील उपासमारीनेच गेले होते. भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. मदतकेंद्रांवर हाडांचे सापळे झालेली मुले दिसली, तशी एकट्या मुलींना फूस लावून नेणारी माणसेही दिसली. पोट भरले तरी या मुली सुरक्षित नाहीत, हे त्यांनी ओळखले. सुमारे ३०० जणींना त्यांनी तिथून आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या त्यांच्या जमिनीवर मुलींची सोय झाली. तेच पुढे 'मुक्ती' झाले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती.

वेगवेगळ्या जातींच्या मुली तिथे एकत्र राहू लागल्या. शारदा सदनातल्या मोठ्या मुली नव्यांचा सांभाळ करू लागल्या. ज्यांना घरात अपशकुनी मानले गेले होते, त्यांच्याच हाती आता दुसऱ्यांची लेकरे आली. लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली जात, कारण नुसत्या अन्नावर ठेवलेली मुलगी कायमची आश्रितच राहिली असती. फुलहॅमच्या धर्तीवर पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल शिकल्या आणि अंध मुलींनाही वाचता येऊ लागले. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या २,०००च्या आसपास गेली. रमाबाई १९२२मध्ये वारल्या. केडगावचे काम आजही सुरू आहे.