दार लागलं, किल्ली आत!

बालमित्रांनो, मोठं झाल्यावर परदेशी शिकायला जायचं असं कितीजणांना वाटतं? माझ्या चौथीच्या वर्गात दरवर्षी पाच-सहा हात वर होतात. काय शिकायचं ते नंतर ठरेल, पण जायचं नक्की! माझा भाचा असाच. तो सहा महिन्यांसाठी जर्मनीच्या राजधानीत, बर्लिनला, शिकायला गेला. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर, तीन स्वेटर. खरी उपयोगी माहिती मात्र आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

तिथल्या बऱ्याच घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते. दार ओढलं गेलं की आपोआप बंद होतं आणि किल्लीशिवाय उघडत नाही. जानेवारीतला रविवार. आपल्या सवयीने याने बूट दाराबाहेर काढलेले. ते आत घ्यायला एक पाऊल बाहेर टाकलं, आणि धाडकन दार बंद! किल्ली आत, मोबाइल आत, पाकीट आत. बरोबर राहणारा मुलगा गावाला गेलेला. जिन्यात कडाक्याची थंडी, आणि अंगात नुसता सदरा.

समोरच्या घरात एक आजी राहत. पण दोन महिन्यांत याने त्यांना एकदाही 'गुटन टाग', म्हणजे नमस्कार, म्हटलं नव्हतं! मग बेल कशी वाजवायची? लाजून पठ्ठ्या दोन तास पायरीवर बसून राहिला. शेवटी दात वाजायला लागले तेव्हा बेल दाबली. आजींनी आत घेतलं, गरम चहा दिला आणि कुलूपवाल्याला फोन केला. त्याचं बिल झालं २८० युरो. रविवारचा दर जास्तच असतो ना!

घरी फोनवर मात्र "सगळं छान आहे" एवढंच. मला हे कळलं तो परत आल्यावर. "मावशी, आईला सांगू नकोस हं," असं म्हणाला. (ताई, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस.)

तेव्हा परक्या शहरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना आपलं नाव सांगून या. लाज वाटली तरी जा. दुसरी किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. महत्त्वाचे फोन नंबर वहीत लिहा आणि दोन-तीन तरी पाठ करा. बर्लिनमध्ये रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी ११२, पोलिसांसाठी ११०.

गंमत म्हणजे तिथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र आलं तसं परत! भाच्याचं बँकेचं कार्ड असंच परत गेलं. राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाची सही असलेला कागद हवा. तो पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

रेल्वेत शिरायला फाटक नाही, म्हणून फुकट प्रवास समजू नका बरं का! छापील तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही ६० युरो दंड. साध्या कपड्यातला तपासनीस कधी समोर उभा राहील, सांगता येत नाही.

रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-पाव शनिवारीच आणायचा. प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकू नका, दुकानातल्या यंत्रात परत दिल्या तर बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट मिळतात.

आता थोडं आई-बाबांशी. बर्लिनचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. आपण रात्री दहाला फोन करतो तेव्हा तिथे वर्ग नुकतेच सुटलेले असतात. डिसेंबरात तर चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि एकट्या मुलाला ती संध्याकाळ फार लांब वाटते. "जेवलास का?" याचं उत्तर "हो" असंच येतं. त्यापेक्षा "आज कोणाशी बोललास?" असं विचारून पाहा. आणि पैसे गेले, काही चुकलं, असं त्याने सांगितलं तर आधी ऐकून घ्या. माझ्या भाच्याने २८० युरो भरून काढायला तीन आठवडे दुपारी नुसता पाव खाल्ला, आणि आम्ही इकडे लाडू कुरियरने पाठवावेत का यावर चर्चा करत होतो!

त्या आजी अजून त्याला पत्र लिहितात. निघताना त्याने गोडा मसाल्याची उरलेली पुडी त्यांना दिली होती. त्या तो बटाट्याच्या सूपमध्ये घालतात म्हणे.