विस्तव कुठला घ्यावा?

आमच्या मराठवाड्यात दोन घरांचं बिनसलं की लोक म्हणतात, त्यांच्यातून विस्तव जात नाही. नव्या पिढीला या बोलण्याचा अर्थ कळतो, पण त्यातला विस्तव ठाऊक नसतो. घरात काडेपेटी जपून वापरायचे दिवस होते तेव्हा चूल पेटवायला शेजारणीकडून खापरावर निखारा आणत. ज्या घराशी भांडण, त्या घराचा निखारासुद्धा नको, असा तो हिशेब. मी आज त्याच विस्तवाबद्दल बोलणार आहे, फक्त चुलीच्या नाही. विडी, चिलीम, चिरूट पेटवायला माणसानं कुठकुठला जाळ वापरला आणि कुठला कशाला चालतो, याबद्दल.

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः ओढत नाही. अब्बा विडी ओढायचे आणि विडीनंच गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना जिना चढवत नव्हता. त्यामुळे कुठल्याही जाळानं पेटवली तरी तंबाखू ती तंबाखूच, हे माझ्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पण आमच्या मुशायऱ्यांतले एक बुजुर्ग शायर आहेत. त्यांचा मुलगा दुबईहून येताना चिरुटांची पेटी आणतो. ते चिरूट पेटवायला इतका वेळ लावतात की तेवढ्यात एक गझल वाचून होईल. त्यांना विचारता विचारता हा विषय माझ्या मागे लागला.

चिरूट हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला. अर्थ गुंडाळलेली वस्तू. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलचे चिरूट इंग्रज साहेबांच्या आवडीचे. जालन्यालाही एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तेव्हा हा वास आपल्या गावाला अगदीच अनोळखी नसणार. सिगारेटमध्ये कातरलेली, कोरडी तंबाखू कागदात असते. जाळ लावला की क्षणात पेटते. चिरुटात पानावर पान घट्ट वळलेलं असतं आणि त्यात थोडी ओल राखलेली असते. म्हणून त्याला जाळ फार वेळ लागतो, आणि एवढा वेळ जो जाळ जवळ राहतो त्याचा वास पानात उतरतो. सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते.

पेट्रोलचा लायटर घ्या. आत कापूस, कापसात पेट्रोलजातीचं तेल, वर वात. वाऱ्यात टिकतो, म्हणून ट्रक ड्रायव्हर आणि फौजी मंडळींचा लाडका. पण चिरुटाला लावला की पहिले चार झुरके पेट्रोल पंपावर उभं राहून ओढल्यासारखे लागतात, असं आमचे शायरसाहेब म्हणतात. मेणबत्तीचंही तेच, मेणाचा वास बसतो. ब्युटेन गॅसच्या लायटरची ज्योत मात्र जवळजवळ बिनवासाची. चिरूटवाल्यांची पसंती म्हणून तिला. त्यातही एक निळी, शिट्टी मारत निघणारी ज्योत असते. तिच्यात गॅस जळण्याआधीच हवेत मिसळतो, त्यामुळे ती हजार अंशांच्या पुढे जाते आणि वाऱ्याला दाद देत नाही. उघड्या गच्चीवर ती उपयोगी. पण जरा जास्त जवळ नेली की पान एका बाजूनं कोळसा होतं आणि धूर कडू येतो. साधी पिवळी ज्योत मवाळ. ती टोकाला टेकवायची नाही. बोटभर खाली धरून चिरूट फिरवत राहायचा, कडेनं लाल वर्तुळ धरेपर्यंत. युरोप-अमेरिकेत शौकीन लोक चिरुटाच्या पेटीतली लाकडाची चिपटी काढून आधी ती पेटवतात आणि तिच्यावर चिरूट पेटवतात. लाकूड ओळखीचं, वास ओळखीचा.

आता काडी. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक असतं. ओढल्याबरोबर जो भडका उडतो त्याला गंधकाचा उग्र वास येतो. म्हणून जाणकार भडका बसू देतात, लाकूड जळू लागलं की मग काडी पुढे करतात. आपली नेहमीची काडी चिरुटाला पुरत नाही, दोन-तीन लागतात. लांब लाकडी काड्या मिळाल्या तर त्यासारखं दुसरं नाही. हल्ली सर्रास मिळणारी मेणकाडी मात्र कामाची नाही, कारण वर सांगितलंच.

या काडीचा इतिहास काही साधा नाही. एकोणिसाव्या शतकातली काडी कुठंही घासली की पेटायची, कारण तिच्यात पांढरा फॉस्फरस असे. तो हाताळणाऱ्या कामगारांच्या, विशेषतः बायकांच्या आणि पोरींच्या, जबड्याची हाडं सडत. १९०६ साली बर्नला करार होऊन पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी आली. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली झाला. त्याआधीच स्वीडनमध्ये निघालेली 'सेफ्टी' काडी मग सगळीकडे गेली. तिची युक्ती एवढीच की निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि बाकीचा मसाला गुलावर. दोघं भेटल्याशिवाय जाळ नाही. स्वीडिश भांडवलाच्या 'विमको'नं १९२३ नंतर आपल्या अंबरनाथला कारखाना काढला. त्याच सुमारास शिवकाशीच्या अय्या नाडर आणि षण्मुग नाडर या दोघांनी कलकत्त्याला जाऊन हे काम शिकून घेतलं आणि दुष्काळी शिवकाशीत हाताच्या कामावर धंदा उभा केला. पुढे तिथं लहान मुलं राबली. १९८६च्या कायद्यानं या धंद्यात मुलांना लावायला बंदी झाली. पेटीची किंमत २००७ साली पन्नास पैशांवरून रुपया झाली आणि डिसेंबर २०२१मध्ये दोन रुपये. चौदा वर्षांत एकदा भाव वाढणारी दुसरी वस्तू बाजारात शोधून दाखवा! स्वस्त परदेशी लायटरनी हा धंदा खाऊ नये म्हणून सरकारनं जून २०२३मध्ये वीस रुपयांच्या आतल्या लायटरच्या आयातीवर बंदी घातली.

पण आमच्या शेतकऱ्याच्या चंचीत काडेपेटी फार उशिरा आली. त्याआधी चंचीत असायची चकमक, गारगोटी आणि थोडा कापूस. चकमक हा शब्द मूळ तुर्की. पोलादाचा तो वाकडा तुकडा गारगोटीवर घासून मारला की ठिणगी पडते. लोकांना वाटतं ठिणगी दगडातून येते. तसं नाही. गारगोटी कठीण असते, ती पोलादाचा बारीक कण खरवडते. तो कण घर्षणानं तापतो आणि हवा लागताच जळतो. जालन्यात हे कुणाला पटवून द्यायला नको. आमच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या रोलिंग मिल आहेत. ग्राइंडरवर सळई धरली की फुलबाजी उडते, ती हीच. लायटरमध्ये चाकाखाली जो खडा असतो तो याच चकमकीचा नातू. १९०३ साली ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी लोखंड आणि सेरियम मिसळून तो काढला. चकमकीला जाळ नसतो, फक्त धुमसणारा कापूस असतो. विडीला आणि चिलमीला तो पुरतो, वाऱ्यात तर उलट जास्तच फुलतो. पानपट्टीवर टांगलेला काथ्याचा सुंभ त्याच जातीचा. पीळ घट्ट म्हणून तो दिवसभर टोकाला धुमसत राही आणि येणारा-जाणारा फुकटात विडी पेटवून घेई. २००८च्या नियमांत धूम्रपानबंदीच्या जागी काडेपेटी, लायटर, राखदाणी पुरवायलाच मनाई झाली, आणि तो सुंभही कमी कमी होत गेला. मला त्याचं फार दुःख नाही.

चिलीम आणि हुक्क्याला जाळ नकोच, निखारा हवा. अकबराच्या दरबारी तंबाखू पोचवली ती असद बेगनं, आणि ती त्याला मिळाली आपल्या दख्खनेत, विजापुरात. हुक्क्याचा निखारा शांत दिसतो, पण लबाड असतो. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. डोकं दुखायला लागलं की लोक म्हणतात तंबाखू कडक आहे. आणि निखाऱ्यातून ठिणगी उडते. डिसेंबर २०१७मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारात आग लागून १४ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या चौकशीत बोट हुक्क्याच्या उडालेल्या निखाऱ्याकडेच होतं. पुढच्याच वर्षी राज्यात हुक्का पार्लर बंद झाले.

आगीचं आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही, कारण अब्बा हंगामात जिनिंगमध्ये कामाला असत. चकमकीला कापूस का लागतो, हे लक्षात घेतलं की जिनिंगवाले फाटकावर विडी-काडी का काढून घेतात ते कळतं. कापूस भडकला तर दिसतो तरी. गंजीच्या पोटात ठिणगी गेली तर ती दोन-दोन दिवस आत धुमसते आणि वरून काही कळत नाही. अब्बांच्या जिनिंगमध्ये एका वर्षी असंच झालं. कुणाची विडी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण हंगाम ऐन भरात असताना काम बंद पडलं आणि त्या वर्षी आमच्या घरात ईदचे कपडे शिवले नाहीत.

विडीवाल्याला काड्याही जास्त लागतात. तेंदूचं पान हवा आत येऊ देत नाही, म्हणून विडी झुरका थांबला की विझते आणि पुन्हा पेटवावी लागते. जितक्या वेळा पेटवाल तितक्या वेळा काडी टाकाल. त्या वर्षानंतर अब्बांनी काडी कधी नुसती फेकली नाही. फुंकर मारायचे, चिमटीत धरून मधोमध मोडायचे आणि मगच टाकायचे. काडी गरम असेल तर बोटाला कळतं, मोडवत नाही. मेणकाडी मोडत नाही, नुसती वाकते. तिला मातीत घासून मगच सोडावी.